चौलच्या वाडीत कोणता कॅमेरा टांगावा?

अलिबागहून रेवदंड्याकडे जाणारा रस्ता चौलमध्ये शिरला की भर दुपारीही डोळ्यांना क्षणभर अंधारल्यासारखे होते. दोन्ही बाजूंना माड आणि पोफळी, खाली पाटाची ओल, वरून ठिपक्याठिपक्यांनी गळणारे ऊन. अशा वाडीत रात्री सुपारी कोण कुरतडते, विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यात किती उतरते, असल्या प्रश्नांची उत्तरे शोधायला आता रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा कॉम्प्युटर आणि बोटाच्या पेराएवढा कॅमेरा पुरतो. पण तो कॅमेरा विकत घेताना बहुतेक हौशी लोक एकच आकडा बघतात: मेगापिक्सेल. ‘बाराचा मिळत असताना आठचा कशाला घ्यायचा?’ हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. वाडीत मात्र तो टिकत नाही.

रास्पबेरी पायचा पहिला कॅमेरा 2013 मध्ये आला, पाच मेगापिक्सेलचा. 2016 मध्ये दुसरा आला, आठचा. दोन्हींच्या सेन्सरचे क्षेत्रफळ जवळपास सारखेच, साधारण 3.7 बाय 2.7 मिलिमीटर. शेत तेवढेच, वाफे जास्त पाडले. एका पिक्सेलची बाजू 1.4 मायक्रॉनवरून 1.12 वर आली, म्हणजे प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याचे क्षेत्रफळ एक तृतीयांशाहून जास्त घटले. तरीही नव्या कॅमेऱ्याला अंधुक उजेडात आधार मिळाला, तो भिंगामुळे. पहिल्याचे भिंग एफ 2.9 होते, दुसऱ्याचे एफ 2.0, त्यातून दुपटीहून थोडा जास्त प्रकाश आत येतो. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापले जातात ते मेगापिक्सेल, आणि पोफळीच्या सावलीत उपयोगी पडते ते भिंग.

यावर मेगापिक्सेलवाल्यांचे उत्तर असते की तपशील हवा असेल तर पिक्सेल लागतातच. बरोबर आहे, पण तो तपशील किती रुंदीवर पसरणार? जानेवारी 2023 मध्ये आलेला कॅमेरा मॉड्यूल 3 सुमारे बारा मेगापिक्सेलचा आहे, साध्या आणि रुंद अशा दोन भिंगांत मिळतो. ‘सगळी वाडी एका चित्रात येईल’ म्हणून अनेकांचा हात रुंद भिंगाकडे जातो. ढोबळ हिशेब करून बघावा. रुंद भिंगाचा आडवा कोन 102 अंश. दहा मीटर अंतरावर ते जवळजवळ 25 मीटर रुंदी पकडते, आणि 4608 पिक्सेल त्या रुंदीवर वाटले की एका पिक्सेलच्या वाट्याला साडेपाच मिलिमीटर येतात. जुना आठ मेगापिक्सेलवाला 62 अंशांत बारा मीटर रुंदी पकडतो; 3280 पिक्सेलमध्ये वाटल्यावर एकेकाच्या वाट्याला चार मिलिमीटरांहूनही कमी. म्हणजे विहिरीच्या काठावरून जाणारे उदमांजर ‘बारा’च्या चित्रात अस्पष्ट आणि ‘आठ’च्या चित्रात स्वच्छ दिसू शकते. शिवाय त्या रुंद भिंगाचे तोंड एफ 2.2, तर त्याच्याच साध्या भावंडाचे एफ 1.8. जास्त पैसे मोजून कमी उजेड घ्यायचा, आणि वर शेजाऱ्याचे परसही चित्रात ओढायचे. दुसऱ्याच्या घराची मागची पडवी आपल्या मेमरी कार्डात साठवायचा अधिकार कोणालाच नाही, हेही भिंग निवडतानाच ठरवायला हवे.

मेगापिक्सेलना त्यांचे श्रेय द्यायलाच हवे. चौलच्या रामेश्वर मंदिरातल्या दगडी कोरीव कामाची दिवसाउजेडी, तिपाईवरून नोंद करायची असेल तर 2020 चा हाय क्वालिटी कॅमेरा आणि त्याला वेगळे चांगले भिंग, याला तोड नाही. दगड हलत नाही आणि उजेड हवा तेवढा मिळतो.

हलणाऱ्या वस्तूंसाठी आणखी एक समजूत पसरली आहे, की ग्लोबल शटरचा कॅमेरा घेतला म्हणजे चित्र फरकटणार नाही. ग्लोबल शटरचे काम वेगळे आहे. साधा सेन्सर ओळीओळीने चित्र वाचतो, त्यामुळे वेगवान वस्तू तिरकी किंवा वाकडी दिसते. ग्लोबल शटर सगळ्या ओळी एकाच क्षणी टिपतो. फरकटणे मात्र शटर किती वेळ उघडे राहते यावर ठरते. पंधरा मीटर उंचीवरून सुटलेला नारळ जमिनीजवळ सेकंदाला सतरा मीटर वेगाने येतो. एक शतांश सेकंदात तो सतरा सेंटिमीटर सरकतो, म्हणजे जवळजवळ स्वतःच्या लांबीइतका. तिथे एक सहस्रांश सेकंदाचे शटर लागते, आणि त्यासाठी भरपूर उजेड. रास्पबेरी पायचा ग्लोबल शटर कॅमेरा अवघ्या 1.6 मेगापिक्सेलचा आहे आणि 2023 मध्ये तो बारा मेगापिक्सेलच्या हाय क्वालिटीच्याच किमतीला, 50 डॉलरला, बाजारात आला. नुसत्या मेगापिक्सेलवरून किंमत ठरवणाऱ्यांनी या जोडीकडे जरूर पाहावे.

रात्रीसाठी अवरक्त प्रकाश न अडवणारा, म्हणजे नोआयआर, मॉड्यूल लागतो. तोच दिवसा वापरला की हिरवी पाने फिकट, जांभळट दिसतात. म्हणून रोगट पान ओळखायला नेहमीचाच कॅमेरा बरा. पण हाच दोष जाणीवपूर्वक वापरता येतो. 2015 मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर पाठवलेल्या दोन ॲस्ट्रो पाय संगणकांपैकी ‘इझी’वर नोआयआर कॅमेरा आणि निळा फिल्टर होता, तो खालच्या वनस्पतींची अवस्था टिपण्यासाठी. दुसऱ्यावर, ‘एड’वर, साधा कॅमेरा होता. एकाच कामगिरीवर दोन वेगळे डोळे पाठवले, कारण बघायचे होते ते वेगळे होते.

चौलच्या शेजारी याहून जुना दाखला आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाबा वेधशाळेच्या चुंबकीय नोंदी बिघडतील हे संचालक नानाभाई मूस यांनी ओळखले. अलिबागची जागा निवडली गेली, चुंबकीय गुण नसलेल्या दगडाची इमारत उभी राहिली, 1904 पासून तिथे नोंदी सुरू झाल्या, आणि 1906 पर्यंत दोन्हीकडची मोजमापे सोबत चालवून जुळवून घेतली गेली. तिथे आधी जागेचा विचार झाला. हौशी माणसाने कॅमेरा निवडताना हाच क्रम धरावा: काय बघायचे, किती अंतरावरून, कोणत्या उजेडात, ते हलते का. मग भिंग, मग सेन्सर. मेगापिक्सेल सर्वांत शेवटी.

आणि केबल. रास्पबेरी पाय 5 आणि पाय झिरो यांना 22 पिनांची अरुंद फीत लागते, जुन्या बोर्डांना 15 पिनांची. बोर्ड आणि कॅमेरा घरी आलेत आणि फीतच जुळत नाही, हा प्रसंग टाळण्याजोगा आहे. बोर्ड पडवीत आणि कॅमेरा चार मीटर दूर माडावर ठेवायचा असेल तर यूएसबी वेबकॅमच बरा, त्यात कमीपणा काही नाही. दर तासाला विहिरीचा एकच फोटो हवा असेल तर दोन मेगापिक्सेलचा ईएसपी 32-कॅमही पुरतो. तो मायक्रोकंट्रोलर असल्याने मधल्या वेळात झोपवून ठेवता येतो, आणि बॅटरी वाचते.

खारा वारा मात्र कोणत्याच मॉड्यूलला सोडत नाही. जोडणीच्या पिनांना गंज चढतो, पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरते. ऑटोफोकस काचेवरच्या थेंबावर जाऊन बसतो, म्हणून मॉड्यूल 3 घेतलाच तर फोकस एकदा हाताने ठरवून तिथेच थांबवावा. डबी बंद, आत सिलिका जेलची पुडी, केबल खालच्या बाजूने आत घेतलेली, काच समुद्राकडे न वळवता उत्तरेकडे तोंड करून. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात इथल्या वाड्यांतले माड आणि पोफळी आडव्या झाल्या. तेव्हा डबी माडाला बांधण्यापेक्षा विहिरीच्या पक्क्या कठड्याला बांधलेली बरी.