सभेची गर्दी आणि पेटीतले मत



2022 साली पंजाबात भदौर मतदारसंघात लाभसिंग उगोके या मोबाईल दुरुस्ती करणाऱ्या तरुणाने मुख्यमंत्री चन्नींना 37,558 मतांनी पाडले. लाट होतीच, त्याच्या आम आदमी पक्षाला 117 पैकी 92 जागा मिळाल्या. पण तो 2013 पासून पक्षाचे काम करीत होता.

त्याच निवडणुकीत, दिल्लीच्या वेशीवर वर्षभर बसून तीन कायदे मागे घ्यायला लावणाऱ्या आंदोलनातल्या शेतकरी संघटनांनी संयुक्त समाज मोर्चा उभा केला. जागा शून्य! बलबीरसिंग राजेवालांची अनामतही गेली. मोर्चा स्थापला डिसेंबर 2021 मध्ये, मतदान 20 फेब्रुवारीला. मृग टळल्यावर सरकी टोबली तर बोंडे किती धरणार?

जिल्हा परिषदेला उभे राहू म्हणणाऱ्या पोरांची नावे याच बैठकीत यावीत, अर्ज भरायच्या आठवड्यात नकोत.