‘चालतंय ना’ म्हणून थांबू नका, जुनी पीएचपी आधी बदला

ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतल्या दुकानदारांना, क्लासचालकांना, पॅथॉलॉजी लॅबवाल्यांना आणि सोसायट्यांच्या सेक्रेटरींना ही कळकळीची विनंती आहे. बिलं काढणारा, फी नोंदवणारा किंवा मेंटेनन्सचा हिशेब ठेवणारा तुमचा प्रोग्रॅम ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट’ या पत्त्यावर उघडत असेल, तर तो बहुधा पीएचपी या भाषेत लिहिलेला आहे आणि झॅम्प नावाच्या संचावर चालतो आहे. ती पीएचपी कितवी आहे, हे आजच्या आज पाहा. झॅम्पमधल्या ‘पीएचपी’ फोल्डरमधून कमांडची काळी खिडकी उघडून ‘पीएचपी’, मग एक जागा सोडून हायफन आणि ‘व्ही’ टाइप केलं की आकडा समोर येतो.

आकडा 7.4 असेल, तर त्या आवृत्तीची दुरुस्ती 28 नोव्हेंबर 2022 ला थांबली. 8.0 ची नोव्हेंबर 2023 मध्ये थांबली, 8.1 ची 31 डिसेंबर 2025 ला. 8.2 ला 31 डिसेंबर 2026 पर्यंतच मुदत आहे. मुदत संपली म्हणून प्रोग्रॅम बंद पडत नाही, आणि खरा धोका तिथेच आहे. सकाळी दुकान उघडलं की तो नेहमीसारखाच सुरू होतो. मात्र त्यानंतर सापडलेलं प्रत्येक भगदाड कायम उघडं राहतं.

हा धोका कल्पनेतला नाही. 6 जून 2024 रोजी तैवानच्या डेव्हकोर या संस्थेच्या संशोधकांनी विंडोजवरच्या पीएचपीतली एक गंभीर त्रुटी जाहीर केली. सीव्हीई-2024-4577 ही तिची नोंद. बाहेरून पाठवलेलं एक विशिष्ट अक्षर विंडोज आपल्या सोयीने साध्या हायफनमध्ये बदलतं आणि त्या वाटेने परक्या माणसाला तुमच्या मशीनवर हवी ती आज्ञा चालवता येते. 2012 मध्ये बुजवलेली वाट अशी पुन्हा उघडली. चिनी आणि जपानी भाषेच्या विंडोजवर हा हल्ला सिद्ध झाला, आणि इतर भाषांच्या मशीन सुरक्षित आहेत असं गृहीत धरू नका, असं संशोधकांनीच बजावलं. झॅम्पची नेहमीची मांडणीच या त्रुटीच्या तावडीत होती. काही दिवसांतच खंडणीखोर टोळ्यांनी तिचा वापर करून लोकांच्या फायलींना कुलूप घालायला सुरुवात केली.

दुरुस्ती 8.1.29, 8.2.20 आणि 8.3.8 मध्ये आली. विंडोजसाठी 2023 च्या नोव्हेंबरात आलेल्या झॅम्पमध्ये मात्र 8.2.12 आहे, म्हणजे दुरुस्तीच्या आधीची. ‘आम्ही नवा झॅम्प टाकलाय’ एवढ्यावर समाधान मानू नका. पीएचपीच्या अधिकृत संकेतस्थळावरून विंडोजसाठीची ताजी आवृत्ती घेऊन ती त्या संचात बसवावी लागते.

आपला कॉम्प्युटर तर घरातलाच, त्याच्यापर्यंत कोण पोचणार, असं वाटू शकतं. पण दुकानातली विक्री घरून दिसावी म्हणून केबलवाल्याकडून राउटरमध्ये पोर्ट उघडून घेतलेली माणसं आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. प्रोजेक्ट दाखवायला मुलं तात्पुरता बोगदा काढून लोकलहोस्ट जगाला उघडं करतात आणि तसंच सोडून देतात. 14 जून 2022 रोजी ठाणे शहर पोलिसांचं संकेतस्थळच हॅक झालं होतं. हल्लेखोरांच्या लेखी आपला जिल्हा दूर नाही.

हे माहीत असूनही लोक थांबतात, त्याचं कारण मला समजतं. प्रोग्रॅम लिहून देणारा बीएस्सी आयटीचा मुलगा आता हिंजवडीत किंवा बंगळूरला नोकरीला आहे. कुणीतरी एकदा पीएचपीची आवृत्ती बदलून पाहिली, पांढरी स्क्रीन आली आणि घाबरून जुनं परत टाकलं. बहुतेक वेळा दोष भाषेचा नसतो, तिच्या एक्स्टेन्शनचा, म्हणजे तिला जोडलेल्या सुट्या भागाचा असतो. एक्स्टेन्शनची फाइल पीएचपीच्या त्याच आवृत्तीची, त्याच 64 बिटची आणि झॅम्पमधल्या अपाचे या सर्व्हरसाठी ‘थ्रेड सेफ’ प्रकारची असावी लागते. जुन्या फोल्डरमधली उचलून नव्यात टाकली तर ती चालत नाही. चित्रांचं ‘जीडी2’ 8.0 पासून नुसतं ‘जीडी’ झालं, सेटिंग फाइलमधली तेवढी एक ओळ न बदलल्यामुळे बिलावरचा लोगो गायब होतो. ‘मायएसक्यूएल’ची जुनी फंक्शनं 7.0 मध्येच काढून टाकली. त्यांच्या जागी ‘मायएसक्यूएलआय’ किंवा ‘पीडीओ’ वापरून तेवढा कोड नव्याने लिहावा लागतो.

मराठीत बिल काढणाऱ्यांनी बाइटऐवजी अक्षरं मोजणाऱ्या ‘एमबीस्ट्रिंग’ या एक्स्टेन्शनकडे विशेष लक्ष द्यावं. ‘डोंबिवली’ या शब्दात काना-मात्रांसकट 8 चिन्हं आहेत, पण यूटीएफ-8 मध्ये ती 24 बाइट घेतात. साधं फंक्शन बाइट मोजतं आणि नाव मधेच कापतं, मग छापील बिलावर अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह येतं. नव्या सेटिंग फाइलमध्ये या एक्स्टेन्शनच्या ओळीआधीचा अर्धविराम काढायला विसरू नका.

आधी बॅकअप. डेटाबेस पीएचपीमायॲडमिनमधून एक्स्पोर्ट करून घ्या. नुसता डेटा फोल्डर कॉपी करून भागत नाही, तो दुसऱ्या मशीनवर अनेकदा उघडतच नाही. ती फाइल आणि प्रोग्रॅमचा फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या जागी ठेवा. नवा संच वेगळ्या फोल्डरमध्ये टाका, त्यावर महिनाभराची बिलं काढून पाहा, आकडे जुळले की मगच जुना काढा. आज हे जमणार नसेल, तर निदान झॅम्पच्या अपाचे सेटिंगमधली ‘पीएचपी-सीजीआय’ची स्क्रिप्ट-अलायस ओळ बंद करून घ्या आणि राउटरमध्ये उघडलेलं पोर्ट मिटवा.

आणि आता मुलामुलींनो, तुम्हाला. ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या कॉलेजांतून दरवर्षी संगणक शिकून तुम्ही बाहेर पडता. कल्याण-डोंबिवली महापालिका नागरी सेवा कॉम्प्युटरवर आणणाऱ्या राज्यातल्या पहिल्या महापालिकांपैकी एक. त्या शहरात कोपऱ्यावरच्या औषधवाल्या काकांचा डेटा उघड्यावर पडू देऊ नका. येत्या रविवारी तुमच्या बिल्डिंगच्या ऑफिसात जा, आवृत्ती तपासा, बॅकअप घ्या, बदल करून द्या. शिक्षकांनी हे काम प्रात्यक्षिक म्हणून धरावं. ज्यांनी पूर्वी असे प्रोग्रॅम लिहून दिले आणि आता दूर आहेत, त्यांनी त्या दुकानात एक फोन करावा. कोडमध्ये काय कुठे आहे, हे तुमच्याइतकं कुणालाच माहीत नाही.

फायलींना कुलूप लागलंच, तर खंडणी देऊ नका. नेटची वायर काढा आणि 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवा. बाकीच्यांनी बदल होईपर्यंत रोज रात्री दुकान बंद करताना झॅम्पमधलं अपाचेही बंद करावं.