पोलादातील छिद्राची साक्ष

पुतळ्याला चेहरा असतो. तो कोणाचा, का उभारला, त्याच्या उंचावलेल्या बोटाचा अर्थ काय, हे शाळेतले पोरही सांगते. पण ज्या शिल्पाला चेहरा नाही, हात नाहीत, जे नुसते पोलादी पत्रे एकमेकांना जोडून उभे केले आहे, त्याचे सर्वसामान्य माणसाला काय? हा प्रश्न आम्हालाही पडतो. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या केंट स्टेट विद्यापीठाच्या आवारात असे एक शिल्प उभे आहे. डॉन ड्रम या शिल्पकाराने १९६७ साली ते घडवले. नाव 'सोलर टोटेम नंबर १'. पोलाद असे की अंगावर गंजाचा थर चढवून घेते आणि आतून टिकून राहते. त्या शिल्पाला एक छिद्र आहे. ते शिल्पकाराने पाडलेले नाही. ते सरकारी बंदुकीच्या गोळीने पाडलेले आहे.

४ मे १९७० चा दिवस. अमेरिकेने व्हिएतनामचे युद्ध शेजारच्या कंबोडियात नेल्याची घोषणा राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी ३० एप्रिलला केली होती. देशभरातील विद्यार्थी खवळले. केंटमध्ये विद्यापीठातील लष्करी प्रशिक्षणाची इमारत जाळली गेली, राज्याचे राखीव सैन्य, म्हणजे नॅशनल गार्ड, आवारात घुसले. त्या दुपारी सैनिकांवर दगड फेकले गेले, हे खरे आहे. पण दगडाला उत्तर म्हणून २८ सैनिकांनी १३ सेकंदांत साठाहून अधिक गोळ्या झाडल्या. अ‍ॅलिसन क्राउझ, जेफ्री मिलर, सँड्रा शॉयर, विल्यम श्रोडर हे चौघे ठार झाले. नऊ जण जखमी झाले. ठार झालेल्यांपैकी सर्वांत जवळचा सुमारे २६५ फुटांवर होता. सँड्रा शॉयर तर आपल्या तासाला निघाली होती.

त्यानंतर काय झाले? जे प्रत्येक गोळीबारानंतर होते तेच. 'स्वसंरक्षणार्थ' हा शब्द पुढे आला. आमच्या वाचकांना तो समजावून सांगण्याची गरज नाही. सैन्याच्या अधिकाऱ्यांनी सांगितले, कोणीतरी लपून आमच्यावर गोळी झाडली, म्हणून आम्ही झाडल्या. शिल्पातील छिद्र विद्यार्थ्यांच्या बाजूने आलेल्या गोळीचे आहे, असाही तर्क लढवण्यात आला. म्हणजे मेलेल्यांच्याच माथी गुन्हा!

पण पोलाद कोणाच्या दबावाखाली येत नाही. ते साक्ष फिरवत नाही. तशाच पोलादाच्या पत्र्यावर तशीच गोळी झाडून पाहण्यात आली. पत्रा कोणत्या बाजूला कसा फाटतो हे दिसले आणि गोळी सैनिकांच्याच बाजूने आली होती हे सिद्ध झाले. आम्ही कायद्याच्या धंद्यातले लोक. साक्षीदार फुटतात, पंच विसरतात, कागद गहाळ होतात, हे रोज पाहतो. म्हणून आम्हाला या छिद्राचे मोल कोणत्याही कलासमीक्षकापेक्षा अधिक वाटते.

तरीही न्याय झाला काय? त्याच वर्षी राज्याच्या ग्रँड ज्युरीने सैनिकांना दोषमुक्त ठरवले आणि आरोप ठेवले ते २५ जणांवर, बहुतेक विद्यार्थ्यांवर! पुराव्याअभावी त्यातले बहुतेक खटले पुढे सोडून द्यावे लागले. राष्ट्राध्यक्षांनीच नेमलेल्या आयोगाने हा गोळीबार अनावश्यक आणि अक्षम्य ठरवला होता. तरी आठ सैनिकांवर केंद्रीय खटला भरायला १९७४ साल उजाडले आणि तेही बचावाचा पुरावा येण्याआधीच सुटले. १९७९ साली तडजोड झाली. जखमींना आणि मृतांच्या आईबापांना मिळून ६ लाख ७५ हजार डॉलर आणि खेदाचे एक निवेदन. खेद म्हणजे माफी नव्हे. शिक्षा एकालाही नाही.

विद्यापीठाचे वर्तनही पाहण्यासारखे आहे. १९७७ साली त्या घटनास्थळाच्या काही भागावर व्यायामशाळा बांधायला घेतली. विद्यार्थ्यांनी तंबू ठोकून अडवले, अटका झाल्या, इमारत उभी राहिलीच. १९७८ साली जॉर्ज सीगल या नामवंत शिल्पकाराने स्मारक म्हणून अब्राहम आणि आयझॅक यांचे शिल्प केले. मुलासमोर सुरी घेऊन उभा असलेला बाप! विद्यापीठाने ते नाकारले. आज ते प्रिन्स्टन विद्यापीठात आहे. आठवणीसाठी घडवलेले शिल्प बाहेर गेले आणि ज्याचा त्या दिवसाशी काही संबंध नव्हता ते मुके शिल्प साक्षीदार होऊन आत राहिले. सतत लढणाऱ्यांमुळे १९९० मध्ये स्मारक झाले आणि २०१६ मध्ये जागेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. आपण होऊन कोणी काही दिलेले नाही.

आता दुसरी बाजू. केंटनंतर अवघ्या ११ दिवसांनी, १५ मे १९७० च्या पहाटेआधी, मिसिसिपीतील जॅक्सन स्टेट या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात पोलिसांनी मुलींच्या वसतिगृहावर बंदुका चालवल्या. फिलिप गिब्स आणि जेम्स ग्रीन हे दोन कृष्णवर्णीय तरुण ठार झाले. ग्रीन तर शाळकरी मुलगा होता. कारण तेच सांगितले, लपलेल्या बंदूकधाऱ्याचे. त्याच आयोगाने हा गोळीबारही असमर्थनीय ठरवला. शिक्षा इथेही कोणाला नाही. अलेक्झांडर हॉलच्या भिंतीवर गोळ्यांच्या खुणा आजही आहेत. त्याआधी फेब्रुवारी १९६८ मध्ये ऑरेंजबर्ग येथे तीन कृष्णवर्णीय तरुण पोलिसांच्या गोळीला बळी पडले होते. केंटचे नाव जगाला पाठ आहे. जॅक्सन आणि ऑरेंजबर्ग किती जणांना माहीत आहे? गोऱ्या विद्यार्थ्यांचे रक्त सांडले तेव्हा अमेरिका हादरली. काळे रक्त सांडणे तिच्या अंगवळणी पडले होते. जॅक्सन शहराच्या महापौरांनी माफी मागितली ती २०२१ साली, म्हणजे ५१ वर्षांनी!

केंटच्या चार मुलांचे दुःख यामुळे तसूभरही लहान होत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, स्मृतीलाही वर्ण असतो, आणि तो पुसण्याचे काम स्मृती जपणाऱ्यांनीच करायचे आहे. 'सोलर टोटेम'समोर जितकी माणसे उभी राहतात तितकीच अलेक्झांडर हॉलच्या भिंतीसमोर उभी राहिली पाहिजेत.

आणि जगातल्या कोणत्याही विद्यापीठाला, कोणत्याही नगरपालिकेला आमचे सांगणे आहे. गोळीबारानंतर सर्वांत आधी भिंतीला गिलावा होतो, रस्ता धुतला जातो. त्याला स्वच्छता म्हणू नका, तो पुरावा नष्ट करणे आहे. छिद्र न्याय देत नाही, हे केंटने दाखवले. पण ते बुजवले असते तर खोटे बोलणाऱ्यांना अडवायला आज तिथे काहीही उरले नसते.