जलप्रवासाची खरी तयारी

गोदातीरीं वाढलेल्या आम्हां नाशिककरांस समुद्राचा सराव नाहीं. मुंबई बेटावरून घारापुरी बेटास सहल नेतांना सोमवारीं लेणीं बंद असतात हें पाहिलें व तिकिटें काढलीं, कीं तयारी झाली असें आम्हांस वाटतें. ता. १७ जुलै १९४७ रोजीं रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट पावसाळी वादळांत बुडून सहाशेंहून अधिक माणसें दगावलीं. ता. १८ डिसेंबर २०२४ रोजीं घारापुरीस जाणारी ‘नीलकमल’ नौदलाच्या बोटीची धडक बसून बुडाली. तेव्हां वादळ नव्हतें. म्हणून प्रत्येक मुलाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट नसेल, तर तिकिटाचे पैसे सोडून धक्क्यावरूनच परतावें. पालकहो, सहल हुकली म्हणून शिक्षकांस दोष देऊं नका. त्या भयानेंच परतण्याचा धीर होत नाहीं.