पगार कळला, प्रवास किती?

मुंबईतल्या नोकरीचं पत्र लातूर, सांगली, अकोला किंवा जळगावच्या घरात येतं, तेव्हा पहिल्या तासाभरात दोन आकडे कागदावर उतरतात. एक पगाराचा, दुसरा घरभाड्याचा. मग डिपॉझिट, दलाली, मुलांच्या शाळेची फी. ओळखीचं कुणीतरी बदलापूरला किंवा विरारला असतंच, त्याला फोन जातो. ‘इकडे बघा, निम्म्या भाड्यात मोठं घर मिळेल,’ असा सल्ला येतो आणि बेरीज-वजाबाकी जमून जाते. या हिशेबात शरीराचा रकाना नसतो. असलाच तर ‘तिथली हवा खराब आहे म्हणे’ आणि ‘पण हॉस्पिटलं चांगली आहेत’ या दोन वाक्यांवर तो भरला जातो.

माझं म्हणणं असं की, मुंबईला जावं की नाही हा प्रश्नच अर्धवट आहे. दादरला राहून परळला चालत कामावर जाणारा आणि बदलापूरहून अंधेरीला जाणारा, दोघांचा पगार सारखा असला तरी आरोग्याच्या दृष्टीने ते दोन वेगळ्या शहरांत राहतात. म्हणून ‘मुंबई हो की नाही’ याआधी ‘ऑफिसपासून किती मिनिटांवर’ हे ठरायला हवं. आणि पगारात ती मिनिटं आटोक्यात ठेवता येत नसतील, तर ती नोकरी नाकारण्याइतकं ते कारण मोठं आहे, असं मला वाटतं.

आधी साधं गणित करू. बदलापूर मुंबईच्या सीएसएमटीपासून ६८ किलोमीटरवर, विरार चर्चगेटपासून ६० किलोमीटरवर. घरापासून स्टेशनपर्यंत रिक्षा, गाडीची वाट, लोकल, गाडी बदलणं, उतरल्यावर बस किंवा मेट्रो असं सगळं धरून एका बाजूला पावणेदोन तास लागत असतील, तर रोजचे साडेतीन तास होतात. वर्षाचे कामाचे २५० दिवस धरले तर ८७५ तास, म्हणजे दिवस-रात्र धरून ३६ दिवस. वर्षातला एक महिना आणि वर आठवडाभर माणूस फक्त ये-जा करतो.

हे तास पैशात मोजले तर चित्र आणखी विचित्र दिसतं. समजा, कामाजवळच्या छोट्या घराचं भाडं लांबच्या मोठ्या घरापेक्षा महिन्याला बारा हजारांनी जास्त आहे आणि लांब राहिल्याने रोज दोन तास जादा जातात. महिन्याला २५ दिवस, म्हणजे ५० तास. बारा हजार वाचवण्यासाठी ५० तास दिले, म्हणजे तासाला २४० रुपये. साठ हजार पगार आणि महिन्याला २०० तास काम असेल, तर ऑफिस त्याच माणसाला तासाला ३०० रुपये देतं. थोडक्यात, साहेबाला तीनशेला विकलेला तास आपण रेल्वेला दोनशेचाळीसला देतो, तोही झोपेतून आणि घरच्यांच्या वाट्यातून काढून. आकडे आपापले घालून बघा. काहींच्या बाबतीत लांबचं घर खरोखरच परवडतं; पण हा भागाकार फारसं कुणी करत नाही.

ब्रुनो फ्राय आणि अलॉइस स्टुट्झर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतल्या हजारो कुटुंबांच्या अनेक वर्षांच्या माहितीवरून नेमकं हेच तपासलं होतं. अर्थशास्त्राच्या तर्काने लांबचा प्रवास करणाऱ्याला त्याचा मोबदला जास्त पगारात किंवा चांगल्या घरात मिळायला हवा, म्हणजे समाधानात फरक पडायला नको. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात उलटं दिसलं. प्रवास जितका जास्त, तितकं आयुष्याविषयीचं समाधान कमी. आणि पगार किंवा घर ती तूट भरून काढत नव्हतं. हा निष्कर्ष जर्मनीतल्या प्रवासाचा आहे, हे लक्षात घ्या. आपल्याकडे गर्दीच्या वेळी लोकलमध्ये एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं उभी असतात, इतकी की रेल्वेला त्यासाठी नेहमीच्या ‘गर्दी’पेक्षा वेगळी संज्ञा तयार करावी लागली. मोठ्या घराची सवय लवकर होते, तिसऱ्या महिन्यात ते मोठं वाटेनासं होतं. रोज वेगळ्या कारणाने रखडणाऱ्या गाडीची सवय होत नाही, कारण त्यात आपल्या हातात काहीच नसतं. आणि ताणाला सर्वांत जास्त खतपाणी मिळतं ते या हतबलतेतून.

जिवाचा धोका तर उघडच आहे. करोनाची दोन वर्षं सोडली तर मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं मरतात. यात रूळ ओलांडणारे बरेच असतात, पण दारातून पडणारेही असतात. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी पडून मेले, तेव्हा चार दिवस चर्चा झाली.

तुलनेने कुणी बोलत नाही ती झोप. प्रौढ माणसाला रात्री किमान सात तास झोप हवी, यावर निद्राविकारतज्ज्ञांचं एकमत आहे. सततची अपुरी झोप म्हणजे फक्त जांभया नव्हेत. रक्तदाब, मधुमेह, वजन, नैराश्य या सगळ्यांशी तिचा संबंध आहे. रात्री नऊला घरी पोहोचणाऱ्याने आणि सकाळी पाचला उठणाऱ्याने सात तास झोपायचं ठरवलं, तर जेवण, मुलं आणि अंघोळ एका तासात उरकावी लागते. आणि हे गणितही पुरुषाचं आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देताना आढळल्या. त्यात हातभार लावणारे पुरुष ९७ मिनिटं. देशभराची सरासरी असली तरी डब्यासाठी पहाटे चारला कुकर लावणारी बाई कोण, हे कुणाला सांगायला नको. म्हणून दोघंही नोकरी करणार असतील तर घर ‘मध्यावर’ घेण्याची पद्धत मला पटत नाही. घरकामाची वाटणी खरोखर बदलेपर्यंत घर तिच्या ऑफिसजवळ असावं. नवरा थोडा उशिरा आला तर भाजी करपत नाही.

गाव सोडण्याचा शरीरावर काय परिणाम होतो, याचा एक चांगला भारतीय अभ्यास आहे. लखनौ, नागपूर, हैदराबाद आणि बंगळूरु इथल्या कारखान्यांत कामाला आलेले स्थलांतरित आणि गावातच राहिलेली त्यांची सख्खी भावंडं यांची त्यात तुलना केली होती. रक्त एक, बालपण एक, फरक फक्त शहराचा. २०१०च्या निष्कर्षांत स्थलांतरित पुरुषांमध्ये मधुमेहाचं प्रमाण १४ टक्क्यांच्या आसपास, तर गावातल्या भावांमध्ये ६ टक्क्यांच्या आसपास होतं. लठ्ठपणाही शहरात आलेल्यांत जास्त. मुंबई त्या अभ्यासात नव्हती, आणि मुंबईकर जिने चढतो, स्टेशनपर्यंत चालतो, हे त्याच्या बाजूने नोंदवायलाच हवं. पण रात्री साडेनऊला घरी पोहोचणारा माणूस काय खातो आणि व्यायाम कधी करतो, याचं उत्तर पुन्हा घड्याळाकडेच नेतं.

आता घराकडे येऊ. कारण ‘जवळ राहा’ म्हटलं की कुठलीही खोली चालेल, असा अर्थ निघू नये. मानखुर्द-गोवंडीतल्या पुनर्वसन वसाहतींमध्ये डॉक्टर्स फॉर यू ही संस्था आणि आयआयटी मुंबई यांच्या संशोधकांनी केलेला अभ्यास मुंबईत घर बघणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवा. नटवर पारेख कंपाउंड आणि लल्लूभाई कंपाउंड इथल्या इमारती एकमेकींना इतक्या खेटून बांधलेल्या, की खालच्या मजल्यांवर सूर्यप्रकाश पोहोचत नाही आणि हवा खेळत नाही. जवळच्याच, जास्त मोकळ्या पीएमजी वसाहतीच्या तुलनेत तिथे क्षयरोगाचं प्रमाण कितीतरी जास्त आढळलं. यात गूढ काही नाही. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात. बंद, अंधाऱ्या खोलीत ते जास्त वेळ टिकतात, वारा त्यांना पांगवतो आणि सूर्यप्रकाश मारतो. आणि मुंबईतला क्षय नेहमीच्या औषधांना दाद देईलच असं नाही. जवळजवळ सगळ्या औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचे रुग्ण डॉ. झरीर उदवाडिया यांनी २०११च्या अखेरीस याच शहरातून जगासमोर आणले होते. हा प्रश्न फक्त गरिबांच्या वसाहतींचा नाही. पुनर्विकासातल्या नव्या टॉवरमध्येही समोरच्या भिंतीवर उघडणाऱ्या खिडक्या भरपूर आहेत. चटईक्षेत्र सगळे विचारतात, उजेड कुणी विचारत नाही.

हवेचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला, कारण त्यात निवडीला वाव कमी आहे. पीएम २.५ या अतिसूक्ष्म कणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आहे, आपली राष्ट्रीय मर्यादा ४०. मुंबई पहिलीच्या कित्येक पट वर असते. दिवसा समुद्रावरून येणारं वारं शहर झाडून काढतं, हे खरं. पण हिवाळ्यात ते मंदावतं, जमिनीलगत थंड हवेचा थर बसतो आणि बांधकामांची धूळ व वाहनांचा धूर तिथेच कोंडतो. त्या महिन्यांत दमेकऱ्यांचे हाल होतात. मात्र ‘आमच्याकडची हवा शुद्ध’ हेही तपासून घ्यावं. औष्णिक वीजकेंद्राच्या चंद्रपुरात राहणाऱ्याने तरी असं म्हणू नये. घर निवडताना एवढं करता येतं, की महामार्गाच्या कडेचं, काँक्रीट मिक्सिंगच्या प्लांटशेजारचं किंवा कचराभूमीच्या वाऱ्यातलं घर टाळायचं.

उकाडाही विदर्भातल्या माणसाला किरकोळ वाटतो. ३५ अंश म्हणजे काय, असं तो म्हणतो. पण शरीर थंड होतं ते घाम वाळल्यामुळे, आणि दमट हवेत तो वाळत नाही. हवामान खात्याने उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी भागात ४० अंशांचा उंबरठा ठेवला आहे आणि किनारपट्टीवर ३७ अंशांचा, तो त्यासाठीच. वरच्या मजल्यावरचं, पत्र्याखालचं घर रात्रीही थंड होत नाही. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून पायाला जखम असताना चालावं लागलं, तर लेप्टोस्पायरोसिस टाळण्यासाठी वेळेत डॉक्टरकडे जाऊन प्रतिबंधक गोळी विचारावी, एवढं नव्या माणसाला कुणीतरी सांगून ठेवायला हवं.

राहिली हॉस्पिटलं. मुंबईच्या बाजूचा हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे आणि तो मी कमी लेखणार नाही. केईएम, सायन, नायर, जेजे, टाटा मेमोरियल, वाडिया यांच्या तोडीचं काम परवडणाऱ्या दरात फार थोड्या ठिकाणी होतं. घरात वारंवार रक्त द्यावं लागणारं मूल असेल किंवा दीर्घ काळ चालणारे कर्करोगाचे उपचार असतील, तर मुंबईला येण्याचं कारण पगारापेक्षा मोठं ठरतं. पण यातली बहुतेक रुग्णालयं दक्षिण आणि मध्य मुंबईत आहेत. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. साताऱ्याच्या माणसाला चांगलं रुग्णालय शहरात पंधरा मिनिटांवर मिळू शकतं. बदलापूरच्या माणसाला परळ तितकं जवळ नाही. आईवडिलांना ‘तिथे डॉक्टर चांगले’ म्हणून सोबत नेणाऱ्यांनी हे बघावं. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय, ओळखीचं कुणी नसताना, मुलगा-सून बारा-तेरा तास बाहेर, अशा घरात म्हाताऱ्या माणसाची तब्येत कशी राहणार?

जवळ राहणं ही चैन नव्हती, हेही विसरायला नको. गिरणगावातला कामगार चाळीतल्या एका खोलीत अनेकांबरोबर राहिला, पण भोंगा वाजला की चालत कामावर गेला. १९८२च्या संपानंतर गिरण्या बंद होत गेल्या, त्या जमिनींवर ऑफिसं आणि टॉवर उभे राहिले आणि आता तिथे काम करणारे डोंबिवली-विरारहून येतात. परवडणारी भाड्याची घरं कामाजवळ उभी राहिली नाहीत, हे धोरणाचं अपयश आहे. सुरक्षारक्षक, परिचारिका, हॉटेलातले कामगार यांना वरचा भागाकार करण्याची मुभाच नसते.

ज्यांना आहे, त्यांनी नोकरी स्वीकारण्याआधी पगाराइतक्याच चिकाटीने दोन गोष्टी मागाव्यात. घरून कामाचे दिवस आणि वेळेची सवलत. आठवड्याचे दोन दिवस घरून काम मिळालं, तर साडेतीन तासांच्या प्रवाशाचे आठवड्याला सात तास वाचतात. मेट्रोनेही अंतरं बदलली आहेत, त्यामुळे किलोमीटरपेक्षा मिनिटं विचारा. आणि घर बघायला रविवारी दुपारी जाऊ नका. सोमवारी सकाळी साडेसातला त्या घरातून निघून ऑफिसच्या दारापर्यंत जा, संध्याकाळी साडेसहाला तिथून परत या. जमलं तर हे जुलैत करा. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला घरातले सगळे दिवे बंद करायला सांगा आणि खिडकीपासून लांबच्या भिंतीपाशी वर्तमानपत्र वाचता येतं का, ते बघा. दलाल वैतागेल. वैतागू द्या.