विश्लेषण : मोबाइलवर अर्ज भरताना नाव मराठीत का उमटत नाही?

डोळखांब किंवा टोकावड्यात कुणी मोबाइलवर ऑनलाइन अर्ज भरायला बसतं. इंग्रजी अक्षरं दाबली की मराठी उमटेल, अशी सोय अनेक जुन्या अर्जांत असते. फोनवर मात्र नाव इंग्रजीतच राहतं. तोच अर्ज शहापूर-मुरबाडला सेतू केंद्रातल्या संगणकावर सहज भरला जातो. दोष भरणाऱ्याचा नसतो, नेटवर्कचाही नसतो.

वेबपेजवर काय टाइप झालं, हे जावास्क्रिप्ट ओळखते. जुनी पद्धत ‘कीडाउन’ची : कळ दाबली की तिचा क्रमांक मिळतो, ‘ए’चा ६५. पण अँड्रॉइडचा स्क्रीनवरचा कीबोर्ड शब्द जुळवत असतो, अक्षरं मागाहून बदलतो. म्हणून क्रोममध्ये बहुतेक कळांचा क्रमांक एकच येतो, २२९. ‘के’ दाबा नाहीतर ‘एम’, प्रोग्रामला फरक कळत नाही.

उपाय मुळीच नवा नाही. ‘इनपुट’ वापरायचं, म्हणजे कळ कोणती हे न विचारता, रकान्यात आता काय आहे ते वाचायचं. पेस्ट केलेला किंवा बोलून टाकलेला मजकूरही त्यात येतो. (अक्षरमर्यादेचा घोळ वेगळाच. ‘मुरबाड’ आपल्याला चार अक्षरं. संगणक काना-उकार वेगळे धरून सहा मोजतो.)

ऑफिसातल्या लॅपटॉपवर तपासून अर्ज खुला करणं ही हलगर्जी आहे. त्या एका रकान्यापायी कुणाचं एसटीचं भाडं जातं, दिवसाची मजुरी बुडते. बिल मंजूर करण्याआधी संबंधित विभागाने कंत्राटदाराला साध्या अँड्रॉइड फोनवर पूर्ण अर्ज मराठीत भरून दाखवायला सांगावं.