रचना हेच औषध

२०२१ च्या मे महिन्यात म्युकरमायकोसिसचे रुग्ण वाढले आणि लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन या बुरशीविरोधी औषधासाठी नातेवाइकांची नाशिक-मुंबई धावपळ सुरू झाली. ते मिळेना तेव्हा साध्या ॲम्फोटेरिसिनवर भागवावे लागले. लायपोसोमल प्रकार दिवसाला किलोमागे ५ मि.ग्रॅ. देता येतो, साध्याची मर्यादा दीड, आणि तेवढ्यातही मूत्रपिंडावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागते. एकाच्या मात्रेत दुसरे गेले तर जिवावर बेतते.

रेणू दोन्हींत तोच, फरक जुळणीचा. लायपोसोमल प्रकारात तो फॉस्फोलिपिडच्या सूक्ष्म गोळ्यात असतो. फॉस्फोलिपिडचे रेणू पाण्यात आपणहून एकत्र येतात, त्यांना पक्का रासायनिक बंध लागत नाही. लेन, क्रॅम आणि पेडरसन यांच्या १९८७ च्या नोबेलने अशा जुळणीच्या, म्हणजेच सुप्रामॉलिक्युलर, रसायनशास्त्राला ओळख मिळाली. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही कुकरबिट्युरिलसारख्या पोकळ रेणूंवर काम चालते. कर्करोगाच्या वॉर्डात मात्र या विज्ञानाचे सर्वांत परिचित रूप म्हणजे लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन.

अमेरिकेत त्याला १९९५ मध्ये मान्यता मिळाली. साधारण १०० नॅनोमीटरच्या गोळ्यात अमोनियम सल्फेटच्या मदतीने औषध आत ओढले जाते आणि तिथेच स्फटिकरूपात बसते. हृदयावरचा घाव त्यामुळे कमी होतो, पण तळहात-तळपाय सोलवटतात. २०१२ मध्ये तिकडे तुटवडा पडला तेव्हा आपल्या सन फार्माचे लिपोडॉक्स तात्पुरते आयात झाले. अशा जेनेरिकची समतुल्यता ठरवताना रक्तातले मोकळे आणि गोळ्यातले, दोन्ही डॉक्सोरुबिसिन मोजावे लागते. एकूण आकडा जुळला म्हणून औषध जुळले, असे इथे होत नाही.

म्हणून आमचा आग्रह डे-केअरच्या टेबलापासून सुरू होतो. वायल उजेडात धरा: साधे डॉक्सोरुबिसिन नितळ लाल दिसते, लायपोसोमल धूसर. लायपोसोमल सलाईनमध्ये मिसळू नये. ५ टक्के डेक्स्ट्रोजच घ्यावे, ९० मि.ग्रॅ.पर्यंत २५० मि.ली., त्यापुढे ५०० मि.ली. इनलाइन फिल्टर नको. वायल २ ते ८ अंशांत ठेवावी, गोठू देऊ नये. ड्रिप मिनिटाला १ मि.ग्रॅ.ने सुरू करावी. पहिल्याच वेळी चेहरा लाल होणे, पाठ दुखणे, छाती भरून येणे असे घडू शकते, तेव्हा सिस्टरने खाटेजवळून हलू नये. आणि चिठ्ठीवर ‘लायपोसोमल’ हा शब्द पूर्ण लिहावा. घाईतले ‘डॉक्सो’ आम्हाला मान्य नाही.

संशोधकांशीही थोडे बोलायचे आहे. २०१६ च्या एका व्यापक आढाव्यात नॅनोकणांच्या मात्रेपैकी कर्करोगाच्या गाठीपर्यंत पोहोचणारा मध्यक वाटा ०.७ टक्के निघाला. तरीही इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालचे देखणे चित्र आणि प्लेटमधल्या पेशींवरची चाचणी यांवरच अनेक प्रबंध संपतात. तोच नमुना ३७ अंशांवर मानवी सीरममध्ये २४ तास ठेवून किती टिकला, किती सुटला, एवढे तरी मोजा. प्रयोग स्वस्त आहे. त्यात नमुना विस्कटला तर तेही छापावे. अशा लेखांना आमच्या अंकांत जागा मिळेल.

दुष्परिणामाची नोंद राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाकडे (१८००-१८०-३०२४) पाठवताना नुसते औषधाचे नाव पुरत नाही. ब्रँड, बॅच नंबर, कशात मिसळले, ड्रिपचा वेग काय होता, हे सारे त्याच दिवशी, बाटली टाकून देण्याआधी लिहून घ्यावे.